आधी एकच निवडा: चेहऱ्यासाठी अ‍ॅसिड की रेटिनॉइड?

संध्याकाळी सात ते नऊ ही आमच्या मेडिकलमधली गर्दीची वेळ. त्या गर्दीत एक मुलगी बराच वेळ बाजूला थांबून होती. गाडी लावून तशीच आत आलेली, स्कार्फ अजून बांधलेला. दुकान जरा मोकळं झाल्यावर तिनं स्कार्फ सोडला. नाकपुड्यांच्या कडेला पांढरी सालपटं, ओठांच्या कोपऱ्यांत बारीक चिरा आणि हनुवटी कांद्याच्या आतल्या पापुद्र्यासारखी चकचकीत, ताणलेली. म्हणाली, "ताई, एखादं साधं मॉइश्चरायझर द्या ना. काहीही लावलं तरी झोंबतंय."

सध्या काय काय लावतेस, असं विचारल्यावर तिनं सॅकमधून एकेक बाटली काढून काचेवर मांडली. सॅलिसिलिकचा फेसवॉश, दोन्ही वेळचा ग्लायकोलिक टोनर, रात्रीचं रेटिनॉल आणि आठवड्यातून एकदा दहा मिनिटं ठेवायचं लाल पील, म्हणजे सालं काढणारं जोरकस अ‍ॅसिड. एकही बाटली खराब नव्हती. एकाच चेहऱ्यावर चारही आल्या, म्हणून ती भाजली होती.

मी फार्मासिस्ट आहे, त्वचारोगतज्ज्ञ नाही. पण हा प्रश्न काउंटरवर इतक्यांदा येतो की एकदा सगळं सविस्तर लिहून काढावं असं वाटलं. आपल्यासारख्या गव्हाळ, सावळ्या त्वचेसाठी यातली एक गोष्ट फार महत्त्वाची आहे. गोऱ्या त्वचेला आग झाली की लाली येते आणि ओसरते. आपल्याकडे लाली ओसरल्यावर तपकिरी डाग मागे राहतो आणि तो जायला महिनोन् महिने लागतात. म्हणजे डाग घालवायला जे लावलं, त्यानंच डाग पडतात. माझ्या चुलतबहिणीच्या लग्नाआधी मीही घाईघाईनं ग्लायकोलिक आणि रेटिनॉल एकाच रात्री लावलं होतं. ओठांभोवती पडलेली तपकिरी कड जायला चार महिने लागले. तेव्हापासून मी प्रत्येकाला सांगते: आधी एकच निवडा.

दोन्हींचं काम वेगळं

त्वचेच्या सगळ्यात वरच्या थरात मेलेल्या पेशी एकमेकींना धरून बसलेल्या असतात. अ‍ॅसिड ही पकड सैल करतं, म्हणजे सुटायला आलेल्या पेशी लवकर सुटतात. दिवाळीच्या पहिल्या आंघोळीला उटणं लावून आपण हेच करतो, फक्त तिथं काम घर्षणानं होतं.

अ‍ॅसिडांमध्ये दोन मोठी घराणी. ग्लायकोलिक, लॅक्टिक आणि मँडेलिक ही पाण्यात विरघळणारी, त्यांना एएचए म्हणतात. ग्लायकोलिक उसात असतं, लॅक्टिक दह्यात, मँडेलिक कडू बदामातून मिळालं. ग्लायकोलिकचा रेणू यांत सगळ्यात लहान, म्हणून ते झपाट्यानं आत शिरतं आणि जास्त झोंबतं. मँडेलिकचा रेणू वजनानं त्याच्या दुप्पट, म्हणून ते सावकाश जातं. आपल्या त्वचेसाठी मला सुरुवातीला मँडेलिक किंवा लॅक्टिकच बरं वाटतं. दुसरं घराणं सॅलिसिलिकचं, म्हणजे बीएचए. ते तेलात विरघळतं, त्यामुळे छिद्रात साचलेल्या तेलापर्यंत पोचतं. ब्लॅकहेड्सवर ते चालतं ते याचमुळे.

रेटिनॉइड म्हणजे अ जीवनसत्त्वाचं कुटुंब. ही मंडळी पेशींच्या आत जाऊन थेट केंद्रकापर्यंत काम करतात. नव्या पेशी तयार होण्याची लय बदलते, छिद्रं तुंबणं कमी होतं आणि खालच्या थरात कोलॅजन, म्हणजे त्वचा घट्ट ठेवणारं प्रथिन, वाढायला मदत होते. प्रत्यक्ष काम करतं ते रेटिनोइक अ‍ॅसिड, म्हणजेच ट्रेटिनॉइन. अमेरिकेत ते १९७१ साली मुरमांवरचं औषध म्हणून मंजूर झालं. दुकानात सहज मिळणारं रेटिनॉल त्वचेत गेल्यावर आधी रेटिनाल आणि मग रेटिनोइक अ‍ॅसिड होतं. या दोन टप्प्यांत त्याची बरीच ताकद खर्ची पडते, म्हणून ते सौम्य आणि हळू. अ‍ॅडापॅलीन हे प्रयोगशाळेत घडवलेलं रेटिनॉइड, खास मुरमांसाठी, आणि ट्रेटिनॉइनपेक्षा सोसायला सोपं. ट्रेटिनॉइन आणि अ‍ॅडापॅलीन ही औषधं आहेत, ती डॉक्टरांच्या चिठ्ठीनंच घ्या.

रेटिनोइक 'अ‍ॅसिड' या नावामुळे बऱ्याच जणांना ही दोन्ही एकच वाटतात. ट्रेटिनॉइननं सालं निघतात, पण ती त्याच्या कामाची खूण नव्हे. सालं न निघताही ते काम करत असतं.

पहिली पायरी: तक्रार नेमकी कोणती?

आरशासमोर खिडकीच्या उजेडात उभे राहा आणि एकच तक्रार निवडा. "सगळंच खराब झालंय" असं म्हटलं की चार बाटल्या घरात येतात.

नाकावर, हनुवटीवर ब्लॅकहेड्स, कपाळावर बारीक दाणे आणि दुपारपर्यंत तेलकटपणा, एवढंच असेल तर दोन टक्के सॅलिसिलिकनं सुरुवात करा. ॲस्पिरिनची अ‍ॅलर्जी असेल तर ते टाळा. मुरुम सतत येत असतील, एक बसतो तोवर दुसरा उठतो असं चाललं असेल, तर रेटिनॉइडकडे वळा. मुरुम दिसायच्या कितीतरी आधी छिद्र आतून तुंबायला लागतं आणि रेटिनॉइड तिथंच अडवतं. म्हणून मुरमांवर डॉक्टर अ‍ॅडापॅलीन किंवा ट्रेटिनॉइन आधी लिहून देतात. ते आलेल्या पुटकुळीवर ठिपक्यासारखं न लावता सगळ्या भागावर लावायचं, हेही त्याच कारणानं.

चेहरा निस्तेज आहे, हात फिरवला की खरखरीत लागतो, मुरुम बसल्यावरचे तपकिरी ठिपके उरलेत, तर लॅक्टिक किंवा मँडेलिक. डोळ्यांभोवती, कपाळावर बारीक रेषा, त्वचा सैल वाटणं, यासाठी रेटिनॉइड. तिथं अ‍ॅसिडनं चार दिवस चमक येईल, पण रेषांवर रेटिनॉइडइतका खात्रीचा उपाय लावण्याच्या औषधांत दुसरा नाही.

वांगाचं दुखणं वेगळं. गालांवर, ओठांच्या वर नकाशासारखा पसरलेला डाग असेल तर स्वतःहून दोन्हींपैकी काहीच सुरू करू नका. उन्हानं, उष्णतेनं, डोळ्यांना दिसणाऱ्या उजेडानंही वांग वाढतं आणि आग झाली तर आणखी गडद होतं. त्यासाठी डॉक्टरच हवेत.

आणखी एक, कारण याचं मला वाईट वाटतं. मानेच्या मागचा, काखेतला जाड, मखमली काळेपणा घालवायला लोक ग्लायकोलिक मागतात. मुलींना तर "मान नीट घास" असं घरातलेच बोलतात. तो मळ नसतो. बरेचदा शरीर इन्सुलिनला दाद देत नसल्याची ती खूण असते. बाटली घेण्याआधी साखर तपासून घ्या.

गरोदर असाल, मूल होऊ द्यायचा विचार असेल, तर रेटिनॉइड नको, कुठलंच नको, रेटिनॉलही नाही. त्या काळात अझेलाइक अ‍ॅसिड सुरक्षित मानलं जातं. ते सालं काढणारं अ‍ॅसिड नव्हे. मुरुम आणि डाग दोन्हींवर ते सौम्यपणे काम करतं आणि आपल्या त्वचेला ते फार मानवतं. डॉक्टरांना त्याबद्दल जरूर विचारा.

दुसरी पायरी: दोन आठवडे फक्त पाया

ही पायरी कुणालाच आवडत नाही. दोन आठवडे सौम्य फेसवॉश, साधं बिनवासाचं मॉइश्चरायझर आणि सनस्क्रीन, बस. त्या मुलीलाही मी एवढंच दिलं आणि चारही बाटल्या कपाटात ठेवायला सांगितल्या. तीन आठवड्यांनी ती आली तेव्हा झोंबणं थांबलं होतं. मग तिनं एकच वस्तू परत सुरू केली.

पीएच म्हणजे आम्लतेचं माप, आकडा जितका कमी तितकी आम्लता जास्त. त्वचेचा पीएच साधारण ४.५ ते ५.५ असतो, आंघोळीच्या साबणाचा नऊ-दहा. पुण्यात वाघोली, वाकडसारख्या भागांत जिथं बोअरचं किंवा टँकरचं जड पाणी येतं, तिथं साबणाचा थर चेहऱ्यावर राहतो आणि त्वचा अजून कोरडी पडते. म्हणून फेसवॉश साबणविरहित घ्या. धुतल्यावर चेहरा करकरीत लागला, तर तो फेसवॉश तुमच्यासाठी नाही.

सनस्क्रीन एसपीएफ ३० किंवा जास्त, पीए+++ असलेलं. तर्जनी आणि मधलं बोट, दोन्हींवर टोकापासून मुळापर्यंत रेघ ओढा. चेहरा आणि मान मिळून तेवढं लागतं. पुण्यात स्कार्फ बांधून दुचाकी चालवणाऱ्यांना वाटतं, सनस्क्रीन कशाला? स्कार्फ ऊन अडवतो, अवश्य बांधा. पण नाकाच्या दांडीवर आणि गालाच्या हाडावर तो घासतो आणि सनस्क्रीन पुसून नेतो. शिवाय डोळ्यांभोवतीची पट्टी उघडीच राहते. सुती, मऊ स्कार्फ घ्या, रोज धुवा आणि ऑफिसला पोचल्यावर पुन्हा एकदा सनस्क्रीन लावा. ढगाळ दिवशीही.

सनस्क्रीन रोज जमणार नसेल तर इथंच थांबा. अ‍ॅसिड आणि रेटिनॉइड दोन्ही सनस्क्रीनशिवाय लावण्यापेक्षा न लावलेली बरी.

तिसरी पायरी, अ‍ॅसिड निवडलं असेल तर

बाटलीवरच्या टक्क्यांवर जाऊ नका. अ‍ॅसिडचा जो भाग मोकळा असतो तोच काम करतो आणि तो पीएचवर ठरतो. ग्लायकोलिकचा निम्मा भाग पीएच ३.८ च्या आसपास मोकळा असतो. हिशेब केला तर पीएच ३.५ वर पाच टक्क्यांच्या बाटलीत सुमारे ३.४ टक्के मोकळं अ‍ॅसिड मिळतं. तेच ४.५ वर दहा टक्क्यांच्या बाटलीत जेमतेम १.८ टक्के. म्हणजे पाचवाली दहावालीच्या जवळपास दुप्पट जोरकस. घरी वापरायला ग्लायकोलिक दहा टक्क्यांच्या वर आणि पीएच ३.५ च्या खाली जाऊ नये. तीस टक्क्यांची पीलं दवाखान्यातच करून घ्यावीत, असं माझं स्पष्ट मत आहे.

सुरुवातीला जबड्याच्या कडेला, कानाखाली रुपयाच्या नाण्याएवढ्या जागेत तीन रात्री लावून पाहा. खाज किंवा लाली राहिली नाही तर आठवड्यातून एक रात्र. चेहरा धुऊन पूर्ण कोरडा करा, पातळ थर द्या, डोळ्यांभोवती आणि ओठांच्या कोपऱ्यांना टाळा, वरून मॉइश्चरायझर. एखादं मिनिट हलकं चुरचुरणं चालेल. आग झाली तर लगेच साध्या पाण्यानं धुवा. तीन-चार आठवडे ठीक गेले तर दोन रात्री, आणि बहुतेकांनी तिथंच थांबावं. रोज अ‍ॅसिड लावायची गरज मला फार थोड्या चेहऱ्यांवर दिसली आहे.

धुऊन टाकायचं उत्पादन असेल तर पुण्यातली साधी खबरदारी: पाणी बंद असतं त्या गुरुवारी ते लावायला घेऊ नका. चेहऱ्यावर अ‍ॅसिड आणि नळ कोरडा, असं एका ओळखीच्यांच्या घरी झालेलं आहे.

आणि लिंबू नको. लिंबाच्या रसाचा पीएच दोनच्या आसपास असतो, शिवाय सालीतल्या द्रव्यांवर ऊन पडलं की त्वचा अक्षरशः भाजते आणि काळे ओघळ उमटतात. डाळीच्या पिठात थोडं दही घालून लावलं तर बिघडत नाही.

चौथी पायरी, रेटिनॉइड निवडलं असेल तर

रेटिनॉल घेणार असाल तर ०.१ ते ०.३ टक्क्यांनी सुरुवात करा. युरोपियन युनियननं २०२४ साली चेहऱ्याच्या सौंदर्यप्रसाधनांसाठी रेटिनॉलची कमाल मर्यादाच ०.३ टक्के ठरवली. तेव्हा एक टक्कावालं घेतलं नाही म्हणून काही बिघडत नाही. डबी घेऊ नका. झाकण उघडलं की हवा आणि उजेड आत जातो आणि रेटिनॉल मरतं. अ‍ॅल्युमिनियमची ट्यूब किंवा हवा न शिरणारा पंप घ्या. पिवळसर असलेलं रेटिनॉल तपकिरी झालं तर टाकून द्या. बाथरूममध्ये, गीझरच्या वाफेत ते ठेवू नका.

लावायची पद्धत सावकाश सांगते, कारण बहुतेकांचं इथंच चुकतं. रात्री चेहरा धुवा आणि पंधरा-वीस मिनिटं थांबा. ओल्या त्वचेत औषध जास्त शिरतं आणि जास्त जाळतं. नाकपुड्यांच्या खोबणीत, ओठांच्या कोपऱ्यांत आणि डोळ्यांच्या कडेला आधी बोटभर व्हॅसलिन फिरवा. मग बोटावर मटाराच्या एका दाण्याएवढं औषध घ्या. ते पाहून "एवढंसंच?" असं वाटेल, पण सगळ्या चेहऱ्याला तेवढं पुरतं. कपाळ, दोन गाल आणि हनुवटी, चार ठिपके द्या, मग कुठंही न चोळता बाहेरच्या दिशेनं पसरवा. दहा मिनिटांनी मॉइश्चरायझर. त्वचा नाजूक असेल तर आधी मॉइश्चरायझर, मग औषध, मग परत मॉइश्चरायझर. ताकद थोडी कमी होते, पण टिकून राहता येतं आणि तेच जास्त महत्त्वाचं.

पहिले दोन आठवडे आठवड्यातून दोन रात्री. पुढचे दोन-तीन आठवडे एकाआड एक. सोसलं तर रोज. ट्रेटिनॉइन उजेडात मोडतं, म्हणून रात्रीच लावायचं. मुरमांसाठी बेंझॉइल पेरॉक्साइड चालू असेल तर ते सकाळी लावा, ट्रेटिनॉइनसोबत नको. अ‍ॅडापॅलीनबरोबर मात्र त्याचं पटतं.

तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात पुटकुळ्या वाढल्या की निम्मे लोक ट्यूब फेकतात. नेहमीच्याच जागी बारीक पुटकुळ्या आल्या आणि लवकर बसल्या, तर आत तुंबलेलं वर येतंय असं समजा. सहा आठवड्यांत ते ओसरायला हवं. नव्याच जागी, खाजणारे, लाल पुरळ आले तर औषध मानवत नाहीये, थांबा. मुरमांवर फरक दिसायला बारा आठवडे धरा, रेषांवर त्याहून खूप जास्त.

पुण्यात सुरुवात कधी करावी? माझ्या मते जूनअखेर ते सप्टेंबर. हवेत ओलावा असतो, त्वचा कमी सोलते. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला टेकतो तेव्हा नको. डिसेंबर-जानेवारीची कोरडी थंडीही नवख्याला जड जाते. तुळशीचं लग्न झालं की लग्नसराई सुरू होते. घरात कार्य असेल तर त्याआधीच्या दोन महिन्यांत काहीच नवीन सुरू करू नका. अप्परलिपचं वॅक्सिंग करणार असाल तर आधी आठवडाभर रेटिनॉइड बंद ठेवा आणि पार्लरवालीला तसं सांगा, नाहीतर वॅक्सबरोबर कातडीही निघते.

दोन्ही हवीच असतील

निवडलेली एक गोष्ट तीन महिने विनातक्रार चालली, तरच दुसरी आणा, आणि वेगळ्या रात्री. रेटिनॉइड चालू असेल तर अ‍ॅसिडला आठवड्यातून एकच रात्र, त्याच्या आदल्या आणि नंतरच्या रात्री फक्त मॉइश्चरायझर. नायसिनामाइड, म्हणजे ब-३ जीवनसत्त्वाचा एक प्रकार, दोन्हींबरोबर चालतं. क जीवनसत्त्व सकाळी.

ती 'गोरं करणारी' ट्यूब

काउंटरवर कुणीतरी हळूच रिकामी ट्यूब पुढे करतं: "मावशी लावतात, आठ दिवसांत फरक पडतो." मी मागची बारीक अक्षरं वाचते. हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि मोमेटासोन. पहिली दोन डागांवरची औषधं, तिसरं स्टेरॉइड. ही जोडणी मुळात वांगासाठी, डॉक्टरांच्या नजरेखाली, थोड्या आठवड्यांपुरती. ती नाइट क्रीमसारखी वर्षभर लावली की कातडी पातळ होते, गालांवर लाल शिरा दिसतात, लव वाढते आणि ट्यूब बंद केली की चेहरा पेटतो. मग लोक परत तीच लावतात. देशभरच्या त्वचारोगतज्ज्ञांनी याविरुद्ध आवाज उठवला आणि २०१८ साली सरकारनं त्वचेवर लावायची बरीच स्टेरॉइड्स चिठ्ठीशिवाय विकायला बंदी केली. तरीही ट्यूब घरोघरी फिरतेच. मोमेटासोन, बेटामेथासोन, क्लोबेटासोल, फ्लुओसिनोलोन ही नावं लक्षात ठेवा. यातलं काही महिनोन् महिने लावत असाल तर स्वतःहून एकदम बंद करू नका आणि त्यावर अ‍ॅसिड किंवा रेटिनॉलही चढवू नका. आधी डॉक्टर.

दवाखान्यात कधी जायचं

आग दोन दिवसांत थांबली नाही, पाणी सुटलं, पापण्या सुजल्या तर लगेच. मुरुम दुखरे, खोल आणि खड्डे पाडणारे असतील तर बाटल्यांवर वेळ घालवू नका, खड्डे भरून यायला पुढे फार कष्ट पडतात. मुरमांबरोबर पाळी अनियमित असेल तर तेही सांगा. तीन महिने नीट लावूनही फरक नसेल तरी जा. खासगी फी परवडत नसेल तर ससूनमध्ये त्वचारोगाची ओपीडी आहे.

जाताना घरात जे जे चेहऱ्याला लावता ते सगळं एका पिशवीत घालून न्या, पार्लरवालीनं दिलेली बिननावाची डबीसुद्धा. दर पंधरा दिवसांनी त्याच खिडकीत, त्याच वेळी काढलेले फोटो मोबाईलमध्ये ठेवा. आणि त्या दिवशी चेहऱ्यावर फाउंडेशन लावून जाऊ नका.